सलमा, एक्केचाळीस

गुलजारबींनी पॅलेटवरच्या सगळ्यात वरच्या खोक्याला तळहातानं थाप दिली, कडेची पट्टी ओढून पाहिली आणि कोल्ड रूमच्या दाराकडे तोंड करून हाक दिली, "गोदावरी, वीस."

"गोदावरी, वीस," दारातून गोरक्षनं तेच परत म्हटलं, वहीत लिहिलं आणि पॅलेट ट्रॉलीवर घेऊन आत नेलं.

पुढचं पॅलेट भरून आलं. परत थाप, परत पट्टी. गुलजारबींनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"ही, एकवीस."

"ही म्हणजे कोणती?"

"ही. डोळ्यांसमोर उभी हाय ती."

गोरक्ष अंगानं धिप्पाड आणि स्वभावानं शहाणा. मुकादमीणबाईशी वाद घालण्यापेक्षा पॅलेटला वळसा घालून लेबल वाचून येणं त्याला सोपं वाटलं. तो गेला, वाकला आणि स्वतःच म्हणाला, "सलमा, एकवीस." टेबलापाशी घड निवडत बसलेल्या कुसाबाईनं मान वर करून आधी गोरक्षकडे, मग गुलजारबींकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

नाशिकबाहेर, दिंडोरी रस्त्यावरच्या या पॅकहाऊसमध्ये जानेवारी ते एप्रिल द्राक्षांशिवाय दुसरा विषय नसतो. सत्तर बायका हातात बारीक कात्र्या घेऊन घडातला तडकलेला, किडका, बारका मणी काढतात आणि डब्या भरतात. दहा डब्यांचं खोकं, खोक्यांचं पॅलेट. पॅलेट कोणत्या नावाचं आणि कितवं, ही हाक मुकादमीण देणार. खोकी सगळी एकसारखी पांढरी, लेबल एकाच बाजूला, आणि ती बाजू गोरक्षच्या समोर येईल याचा काही भरवसा नाही. त्यामुळे सगळा कारभार हाकेवर. गुलजारबी ही हाक नऊ वर्षं देत होत्या. आवाज असा खणखणीत, की पंख्यांच्या आणि मशीनच्या गोंगाटातही गोरक्षला कधी 'काय म्हणालात' असं विचारावं लागलं नव्हतं.

इतकी वर्षं नाव एकच होतं, गोदावरी. मालकाच्या, म्हणजे अश्विनच्या वडिलांनी ठेवलेलं. यंदा अश्विनला युरोपातलं मोठं गिऱ्हाईक मिळालं आणि त्या माणसाच्या जिभेवर गोदावरी काही केल्या बसेना. 'गोडाव्हरी'पर्यंत त्यानं मजल मारली आणि तिथे हात टेकले. दुबईचा माल गोदावरीच राहू दे, असं अश्विननं ठरवलं, पण युरोपसाठी नवं नाव हवं. सोपं, एखाद्या मुलीचं, कुठेही चालणारं. काम गेलं ऑफिसातल्या मेहविशकडे. निर्यातीचे सगळे कागद तीच करायची.

मेहविशनं दोन दिवसांत एक कागद आणला.

"सलमा," तिनं वाचलं. "मूळ अरबी. अर्थ सुखरूप, धोक्यातून वाचलेली. मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत मुलींना ठेवतात. इजिप्तमध्ये आवडीचं, बांगलादेशात घरोघरी. तुर्कस्तानात सेल्मा म्हणतात. आणि गंमत म्हणजे भाऊ, जर्मनी-स्वीडनकडे गोऱ्या म्हाताऱ्यांचंही नाव सेल्मा असतं. तिकडे ते कुठून आलं यावर लोकांचं एकमत नाही, पण तोंडात बसलेलं आहे."

"सुखरूप," अश्विन म्हणाला. "महिनाभर समुद्रातून जायचंय मालाला. याहून चांगलं नाव कोणतं मिळणार? गुलजारमावशी, तुम्हाला कसं वाटतं?"

गुलजारबी डोक्याच्या जाळ्यांचा गठ्ठा न्यायला ऑफिसात आल्या होत्या. गठ्ठा हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या.

"जर्मनीतबी असतं?"

"असतं की खाला. तिकडच्या आज्यांचं."

"चांगलं हाय," गुलजारबी म्हणाल्या, आणि गठ्ठा परत टेबलावर ठेवून तशाच निघून गेल्या.

मेहविशला इथे येऊन दोनच वर्षं झालेली. तिला बिचारीला काय माहीत, की गुलजारबींना एक मुलगी आहे, एकुलती एक, आणि तिचं नाव सलमा आहे. गुलजारबींनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कशा? चार वर्षांत त्यांनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं.

गोष्ट तशी कुठल्याही घरात घडावी अशी. नवरा सातपूरच्या कंपनीत होता, तो गेल्यावर गुलजारबींनी पोरीला एकटीनं शिकवलं, नर्स केलं. मग नांदगावच्या सख्ख्या बहिणीच्या मुलासाठी लग्नाचा शब्द देऊन टाकला. पोरीला विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि पोर पण आईचीच. तिनं कुणाला न सांगता जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या, तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी मिळवली आणि तिकीट हातात आल्यावर सांगितलं. बहिणीनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. सलमा बॅग घेऊन दारात उभी होती तेव्हा गुलजारबी म्हणाल्या, "या तोंडात परत तुझं नाव येणार नाय." नुसत्या म्हणाल्या असत्या तरी भागलं असतं. त्यांनी वर अल्लाची कसम घेतली.

दुसऱ्या दिवशी एका लांबलचक नंबरावरून फोन आला. तो त्यांनी कापला. पुढे तो नंबर आठवड्यानं वाजायचा, मग महिन्यानं, मग फक्त ईदेला. कापायचं त्यांनी बंद केलं होतं, उचलायचं सुरू केलं नव्हतं. वाजून थांबेपर्यंत फोन दोन्ही हातांत धरून बसायच्या. पोरगी आहे, ठीक आहे, एवढं त्या वाजण्यातून कळायचं, आणि तेवढ्यावर त्या पुढच्या ईदेपर्यंत काढायच्या.

गेल्या बकरी ईदेला फोन वाजला नाही. तेव्हापासून बाईच्या जिवाला घोर लागला होता. आणि हे सगळं पोटात ठेवून ती पॅलेटसमोर उभी होती आणि गोरक्षला सांगत होती, "ही, बावीस."

आठवडाभर हे असंच चाललं. बायका हसायला लागल्या. "बी, खोक्याशी लगीन लावलंय का? नवऱ्याचं नाव टाळत्यात तसं टाळता," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळं टेबल खिदळलं. कुसाबाई तेवढी हसली नाही. ती गुलजारबींच्या बरोबरची, बारा वर्षांपूर्वी एकाच दिवशी कामाला लागलेली. सलमा शाळेच्या गणवेशात आईचा डबा घेऊन यायची ते तिनं पाहिलं होतं.

मग जे व्हायचं ते झालं. एका दिवशी दोन कंटेनर लागले, एक दुबईचा, एक युरोपचा. गोरक्ष सकाळपासून धावपळीत होता. 'ही, बारा' आलं, 'ही, तेरा' आलं, दर वेळी वळसा घालून वाकायला त्याला फुरसत नव्हती. त्यानं अंदाजानं पॅलेटं आत लावली. चार पॅलेटं चुकीच्या कंटेनरमध्ये गेली आणि ते दार बंद करताना लक्षात आलं. भर उन्हात अर्धा कंटेनर रिकामा करावा लागला. थंड केलेल्या द्राक्षांना घाम फुटला आणि अश्विनलाही.

तो ओरडणारा माणूस नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मावशी, नऊ वर्षांत तुमच्या हाकेत एक चूक नाही," तो म्हणाला. "लेबलावर नाव आहे, ते घ्यायचं. त्यात अवघड काय आहे?"

गुलजारबी एप्रनच्या नाड्या सोडायला लागल्या.

"काही अडचण असेल तर सांगा ना."

"दुसरी कुणी उभी करा भाऊ," त्या म्हणाल्या. "मी कात्री घेते." त्यांनी मुकादमिणीचा हिरवा एप्रन काढला, घडी घातली आणि कुसाबाईच्या मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून कुसाबाई हाक द्यायला लागली. तिला मनातून वाईट वाटत होतं, पण हाक द्यायची हौसही दांडगी. पेठकडची बाई ती, या डोंगरावरून त्या डोंगरावर बोलणाऱ्यांतली. "सलमा, सात," असं ती म्हणाली की पत्रे थरथरायचे. आणि दर वेळी टेबलाशी बसलेल्या गुलजारबींची कात्री घडात मधेच थांबायची. मान वर यायची, दाराकडे जायची, परत खाली. दिवसातून तीस-चाळीस वेळा. इतक्या वर्षांत त्या हाक देत आल्या होत्या. हाक ऐकली की कशी लागते, ते त्यांना आता कळत होतं.

मेहविश ऑफिसच्या सरकत्या काचेतून हे बघत होती. तिनं एकदा कुसाबाईला चहाला आत बोलावलं आणि विचारलं. कुसाबाईनं चहा संपेस्तोवर सगळं सांगून टाकलं. मेहविशचा चहा तसाच राहिला.

संध्याकाळी बायकांचा टेम्पो लागायच्या आत ती गुलजारबींना गाठायला गेली. त्या हात धूत होत्या.

"खाला, माफ करा. मला माहीत नव्हतं. मी उद्याच भाऊंना सांगते, नाव बदलून टाकू."

"चार हजार खोकी छापून आलीत ना?"

"असू द्या. लेबलावर लेबल लावू."

"नको," गुलजारबी म्हणाल्या. "नाव चांगलं हाय. मीच ठेवलं होतं. तिच्या आधीची दोन राहिली नव्हती. ही राहावी म्हणून मौलवींना विचारून ठेवलं."

मेहविशला वाटलं, निदान जे माहीत आहे ते तरी सांगावं.

"कसम मोडता येते, खाला. दहा गरिबांना जेवू घालायचं. ते जमत नसेल तर तीन रोजे."

"ते मला ठाऊक हाय गं. मोडायची असती तर चार वर्षांत चारदा मोडली असती." त्यांनी पदराला हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. "आधी राग होता. लय राग होता. आता राग नाय, भ्या वाटतं. बकरी ईदेला फोन नाय आला. आता मी हाक मारली आन् तिकडून ओ आली नाय, तर मी काय करू? न मारता तरी असं वाटतं, की असंल ती."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. गुलजारबी गेल्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सलमाचा पहिला कंटेनर न्हावाशेव्याहून जहाजावर चढला. तांबड्या समुद्रात भानगडी चालू होत्या, म्हणून जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार होतं. मेहविशच्या कॉम्प्युटरवर निळ्या नकाशात त्याचा ठिपका दिसायचा. थोड्या दिवसांनी रमजान लागला. दुपारच्या सुट्टीत बायका भाकऱ्या सोडायच्या तेव्हा गुलजारबींना टेबलापाशी बसून काही काम नसायचं. एके दुपारी त्या ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोचली का?"

"कुठली खाला, आत्ताशी आफ्रिकेच्या टोकाला आहे. हे बघा." मेहविशचाही रोजा होता. तिनं बाजूची खुर्ची पुढे ओढली.

मग हे रोजचंच झालं. गुलजारबी यायच्या, नाव न घेता विचारायच्या, ठिपका बघायच्या. एकदा तो दोन दिवस एकाच जागी राहिला. त्या दिवशी त्या खुर्चीवरून उठेनात.

"बुडालं तर नाय?"

"नाही हो. मधे सिग्नल मिळत नाही, मग इथं दिसत नाही. जहाज चालूच असतं."

"नक्की?"

"नक्की."

तिसऱ्या दिवशी ठिपका एकदम पुष्कळ पुढे दिसला. गुलजारबींनी पडद्यावर बोट ठेवून आधीच्या जागेपासून तिथपर्यंत रेघ ओढल्यासारखं केलं आणि कामाला गेल्या.

कुसाबाईनं तिच्या परीनं एक उपाय काढला. बायका जेवून हात धूत असताना ती गुलजारबींसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तोंडानं सरळ येत नसंल तर उखाण्यात घे. उखाण्यात घेतलेलं कसमेत धरत नाय," असा निवाडाच तिनं देऊन टाकला, आणि स्वतःच सुरू केलं, "दहा डब्यांची पेटी, पेट्यांची रास, हिचं नाव घेते गुलजारबी खास." 'हिचं'च्या जागी काय म्हणायचं ते तिनं शेजारच्या खोक्याच्या लेबलाकडे हात करून दाखवलं आणि थांबली. गुलजारबींच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. त्या हसल्या असंही म्हणता आलं असतं. नाव काही आलं नाही.

ईद सहा-सात दिवसांवर आली होती. दुपारचे तीन वाजले असतील. मेहविशनं काच सरकवून हाक मारली, "खाला, जरा येता का?"

गुलजारबी हातातली कात्री तशीच घेऊन आल्या.

"पोचली," मेहविश म्हणाली. "रॉटरडॅमला काल उतरली. आज त्यांनी उघडून बघितली. वीसच्या वीस पॅलेटं चांगली. एका खोक्याचा कोपरा दबलाय, बाकी काही नाही." तिनं पडद्यावरचा फोटो दाखवला. कुठल्या तरी पांढऱ्या दिव्यांच्या गोदामात खोक्यांची थप्पी होती आणि लेबलाची बाजू नेमकी समोर होती.

गुलजारबी खुर्चीवर बसल्या. फोटो बराच वेळ बघत राहिल्या.

"त्यांनी आपणहून कळवलं?"

"नाही हो. तीन मेल केले मी. पोचली का, कशी आहे, म्हणून. विचारल्याशिवाय कोण कशाला सांगेल?"

गुलजारबींनी कात्री टेबलावर ठेवली. कमरेच्या पिशवीतून फोन काढला. त्यात तो लांबलचक नंबर होता, नुसता नंबर, नाव न लावलेला. तो त्यांनी मेहविशसमोर धरला.

"हा लाव."

"आत्ता?"

"आत्ताच लाव. उद्या माझ्यानं व्हायचं नाय."

मेहविशनं लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. जुना फोन, हॉलच्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून आवाज पुरता वाढवून ठेवलेला. तिकडची घंटा मेहविशलाही ऐकू येत होती. एकदा. दोनदा. तीनदा. गुलजारबींनी फोन नेहमीसारखा दोन्ही हातांत धरला होता, आणि डोळे फोटोतल्या त्या दबलेल्या कोपऱ्याच्या खोक्यावर होते. पाचदा. सहादा.

"अम्मी?"

गुलजारबींचं तोंड उघडलं.

"अम्मी, काय झालं? तू बरी आहेस ना? अम्मी, बोल ना."

त्या बोलत नव्हत्या. गाल हलत होते, पण चार वर्षं मिटून ठेवलेलं ते ऐन वेळी कुठून निघणार? मेहविशनं हात पुढे केला, फोन घेऊन आपणच काहीतरी सांगावं म्हणून. गुलजारबींनी मान हलवून नको म्हटलं.

आणि तेवढ्यात बाहेर कुसाबाईनं पॅलेटला थाप मारली, दाराकडे तोंड केलं आणि पंखे, मशीन, सगळ्यांच्या वरून, उघड्या काचेतून तिचा आवाज आला.

"सलमा, एक्केचाळीस."

मग फोनवर तीच मुलगी, पण आता आवाज लहान झालेला, विचारत होती, "अम्मी, मला कुणी हाक मारली?"

गुलजारबींनी काचेतून बाहेर बघितलं. कुसाबाई हिरव्या एप्रनला हात पुसत पुढच्या पॅलेटची वाट बघत उभी होती.

"मी मारली," त्या म्हणाल्या. "मीच मारली गं. तू नीट पोचलीस का, तेवढं विचारायचं राहिलं होतं."

तिकडून काही शब्द आले नाहीत, नुसतं रडणं आलं. बाहेर गोरक्ष ट्रॉली घेऊन परत आला होता आणि बेचाळिसावं पॅलेट पुढे सरकत होतं. मेहविश उठली आणि तिनं काच घट्ट लावून घेतली.